गोळीमुळे मधुमेह? दाव्याची तपासणी

"गर्भनिरोधक गोळ्या दोन-तीन वर्षं घेतल्या की मधुमेह ठरलेला. चयापचय कायमचं बिघडतं. हार्मोनचं कुठलंही साधन सारखंच घातक, आणि मधुमेही बाईला तर विषच." हा मजकूर जोरात फिरतोय.

मधुमेह ठरलेला? ही भीती हवेतून आलेली नाही. 1960 साली अमेरिकेत मंजूर झालेल्या पहिल्या गोळीत 150 मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन आणि जवळजवळ 10 मिलिग्रॅम प्रोजेस्टिन अशी दोन हार्मोन असायची. त्या काळच्या जबर डोसाच्या गोळ्यांनी ग्लुकोज चाचणीत साखर चढलेली दिसे. आजच्या बहुतेक गोळ्यांत इस्ट्रोजेन 20 ते 35 मायक्रोग्रॅम असतं. काही प्रोजेस्टिनमुळे शरीर इन्शुलिनला थोडा कमी प्रतिसाद देतं, हे खरं. पण निरोगी स्वादुपिंड तेवढं जास्तीचं इन्शुलिन सहज पुरवतं. मधुमेह नसलेल्या स्त्रियांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या, कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या संस्थेच्या आढाव्यातही साखरेत फारसा फरक आढळला नाही.

"माझ्या बहिणीला गोळ्यांनंतरच साखर निघाली," हा पुरावा हमखास पुढे येतो. गोळ्या कशासाठी चालू होत्या, ते मात्र कुणी विचारत नाही. पाळीच्या अनियमिततेवर पीसीओएसमध्ये (हार्मोनचा तोल बिघडवणारा, बीजांडकोशांशी संबंधित आजार) याच गोळ्या देतात, आणि पीसीओएस स्वतःच मधुमेहाचा धोका वाढवतो. दोष मूळ आजाराचा, आळ गोळीवर.

चयापचय कायमचं बिघडतं? नाही. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, वाढू शकतात, पण गोळी थांबवली की हा परिणामही ओसरतो.

सगळी साधनं सारखी तर मुळीच नाहीत. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या हार्मोनच्या गर्भनिरोधक इंजेक्शनने काहींचं वजन लक्षात येण्याइतकं वाढतं, तिथे सावध राहणं रास्त. तांबीत तर हार्मोनच नसतं.

मधुमेही बाईला विष, हे विधान मला सगळ्यांत धोकादायक वाटतं. साखर चढलेली असताना नकळत दिवस गेले, तर बाळात जन्मजात दोष राहण्याचा धोका वाढतो. म्हणून तिला भरवशाचं साधन इतरांपेक्षा जास्त गरजेचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार गुंतागुंत नसलेल्या मधुमेहात या गोळ्या साधारणपणे चालतात. मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा किंवा नसांवर परिणाम झाला असेल, किंवा मधुमेहाला वीस वर्षं उलटली असतील, तर इस्ट्रोजेनची गोळी टाळतात. त्यामागचं कारण साखर नव्हे; रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार आणि पक्षाघात यांची भीती. अशा बाईला तांबी चालते.