'पहिल्याच दिवशी सही घेतात, टेस्ट ट्यूब गळ्यात मारतात': या फॉरवर्डला उत्तर

सोलापूर, बार्शी, पंढरपूरकडच्या घरगुती ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. मूल राहत नसेल तर सुनेला वंध्यत्वाच्या डॉक्टरांकडे न्या, पण पाळी संपल्यावरच. मुलाला न्यायची गरज नाही. आणि जपून, पहिल्याच दिवशी सही घेऊन टेस्ट ट्यूब बेबीच्या (आयव्हीएफच्या) नादी लावतात. यातलं काहीही बरोबर नाही.

'पहिल्याच दिवशी सही.' पहिली भेट बरीचशी विचारपूस करण्यातच जाते: पाळी किती दिवसांनी येते, आधी गर्भपात किंवा ऑपरेशन झालंय का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. टीबीचा प्रश्न आला तर दडवू नका. टीबीने गर्भनलिका बंद होऊ शकतात, खोकला कधीच नसला तरी. मग सोनोग्राफी. ती आतून, म्हणजे योनीमार्गातून, करणार असतील तर लघवी करून जायचं, तांब्याभर पाणी पिऊन नव्हे. टेस्ट ट्यूबचा विषय निघालाच, तर २०२१ च्या कायद्याने केंद्राची नोंदणी आणि दोघांची लेखी संमती लागते. गर्भ गर्भाशयात सोडेपर्यंत ती संमती मागेही घेता येते.

'मुलाला न्यायची गरज नाही.' सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, तरी सुनेची दुर्बिणीतून तपासणी आधी होते आणि साधी वीर्यतपासणी राहून जाते. ती आधी करा. त्याआधी २ ते ७ दिवस संबंध नकोत. नमुना देताना तेल, साबण, थुंकी, साधा कंडोम यातलं काही वापरायचं नाही. पहिल्या थेंबांतच शुक्राणू जास्त असतात, म्हणून थोडं सांडलं तरी लॅबला सांगा. डबी तासाभरात पोचायला हवी. बार्शीहून एसटीने आणली तर उशीर होणारच, आणि एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवली तर नमुना वायाच जातो. लॅबमध्येच दिलेला बरा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि ४२ टक्के हालचाल ही खालची मर्यादा. रिपोर्ट त्याखाली आला म्हणून खचू नका. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे मध्यंतरी डेंग्यू-टायफॉईडचा ताप येऊन गेला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. सुताच्या सायझिंग-डाईंग कारखान्यात बॉयलरजवळचं काम, मावा-गुटखा, जिममध्ये घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं हे सगळं डॉक्टरांना सांगा. या इंजेक्शनांनी शुक्राणू बनणंच थांबू शकतं.

'पाळी संपल्यावरच.' पहिल्या भेटीला कोणताही दिवस चालतो. एएमएच, म्हणजे बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी, कधीही करता येते. एफएसएच या हार्मोनची रक्ततपासणी मात्र पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन पाळीतच. रक्तस्राव थांबल्यावर करायची तपासणी म्हणजे नळ्यांचा एक्स-रे, एचएसजी. तोपर्यंत त्या महिन्यात संबंध टाळायचे.

'अजून वर्ष-दोन वर्षं वाट बघा.' हेही त्याच मेसेजच्या शेवटी असतं. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर जावं. बाईने पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांनी, आणि पाळी अनियमित असेल तर लगेच.

जाताना जुने सगळे कागद न्या. एचएसजीचा नुसता रिपोर्ट नको, फिल्मही न्या, नाहीतर तीच दुखरी तपासणी पुन्हा करावी लागू शकते. खर्चाची धास्ती असेल तर सुरुवात सिव्हिलच्या स्त्रीरोग ओपीडीतूनही करता येते. तिथेही दोघांनी जावं.