पाय टेकत नाहीत म्हणून गाडी सोडायची?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज दर पंधरा दिवसांनी परत येतो. ‘कमी उंचीच्या भगिनींनी स्कूटर घेण्यापूर्वी हे वाचाच!’ त्यात पाच मुद्दे असतात. दोन्ही तळपाय सपाट टेकत नसतील तर ती गाडी तुमच्यासाठी धोक्याची. सीटची उंची सगळ्यात कमी असेल तीच गाडी घ्या. नाहीतर उंच टाचांच्या चपला घाला. तेही नको असेल तर सीट कापून, शॉकॲब्सॉर्बर बदलून गाडी खाली करून घ्या. आणि पाच फुटांखाली लायसन्स मिळतच नाही. शेवटी हात जोडल्याची तीन चिन्हं. माझी उंची ४ फूट १० इंच, गाडी ॲक्टिव्हा, रोज कोथरूड ते हडपसर आणि परत. तेव्हा हात मीही जोडते, आणि एकदाचं उत्तर देऊन टाकते.

लायसन्सचा मुद्दा आधी उरकते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दुचाकीसाठी वयाची अट आहे, ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला १६ वर्षं आणि त्यापुढे १८. उंचीची अट नाही. उलट आरटीओत आठचा आकडा काढताना पाय टेकला की नापास! पाय किती छान टेकतात हे तिथे कुणी बघत नाही.

आता तो दोन सपाट तळपायांचा हट्ट. चालती गाडी पायांवर उभी नसतेच. पाय लागतो तो थांबताना, शेवटच्या हातभर अंतरात, आणि तिथे एक पुरतो. गिअरच्या मोटारसायकलवर मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो, म्हणून बहुतेक जण डावा पाय टेकवतात. आजच्या बिनगिअरच्या स्कूटरला दोन्ही ब्रेक हातात, त्यामुळे पाय कुठलाही चालतो. ही केवढी मोठी सोय आहे, आणि त्या मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही.

माझाच हिशेब सांगते. ॲक्टिव्हा ६जीच्या सीटची उंची ७६४ मिलिमीटर, म्हणजे साडेशहात्तर सेंटिमीटर. माझ्या पायाची आतली लांबी ६६. मी बसले की फोम आणि स्प्रिंग मिळून दोन-तीन सेंटिमीटर दबतात, चपलेचा तळ दोनेक सेंटिमीटरचा, आणि चवड्यावर उभं राहिलं की टाच सात-आठ सेंटिमीटर वर जाते. सगळं जमेस धरून माझे दोन्ही चवडे जमिनीला जेमतेम शिवतात. हीच अवस्था बघून शोरूममधला मुलगा चेहरा पाडतो, ‘मॅडम, तुम्हाला जरा मोठी पडेल’ म्हणतो, आणि बाई घरी परत जाते. पण तीच बाई सीटवर डावीकडे चार बोटं सरकली, तर डाव्या पायाला सीटची रुंदी ओलांडावी लागत नाही आणि अख्खा तळपाय खाली येतो. उजवा पाय फुटबोर्डवरच राहतो. शोरूममध्ये हे कुणी करून दाखवत नाही. तिथे गाडी डबल स्टँडवर चढवलेली असते आणि आपण वर बसून पाय हलवतो. त्यावरून काहीच कळत नाही.

थांबायची रीत अशी. हँडल सरळ ठेवायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. थांबताना गाड्या पडतात त्यात वळलेलं हँडल आणि करकचून दाबलेला पुढचा ब्रेक ही जोडी फार वेळा असते. वेग मावळत आला की किंचित पुढे आणि डावीकडे सरकायचं, सीट पुढे निमुळती असते. गाडी पुरती थांबतानाच पाय टेकवायचा, आधी नाही. सिग्नलच्या वीस मीटर आधीपासून दोन्ही पाय बगळ्यासारखे लोंबकळत ठेवणारे सहा फुटी पुरुषही मी रोज बघते. त्याने तोल सुधारत नाही, आणि खड्ड्यात पाय मुरगळतो तो वेगळाच. अगदी हळू चालवताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की बिनगिअरच्या गाडीची ओढ तुटते आणि ती डगमगते. त्यापेक्षा जरा रेस ठेवून डावा ब्रेक हलका धरायचा आणि नजर चाकाजवळ न ठेवता लांब ठेवायची. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात तासभर हे केलं की बराच फरक पडतो.

आणखी एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डाव्या पायाखालची जमीन उजव्यापेक्षा खाली असते! कडेला चेंबरचं झाकण खचलेलं असेल तर विचारायलाच नको. अशा ठिकाणी मी उजवा पाय टेकवते, किंवा दोन हात आधीच सपाट जागी थांबते. फुटपाथची कड हाताशी, म्हणजे पायाशी असेल तर तिच्यावर डावा पाय ठेवून राणीसारखं थांबता येतं.

दुसरा मुद्दा, सगळ्यात कमी उंचीची सीट. आकडेच बघा. स्कूटी झेस्ट ७६० मिलिमीटर, ॲक्टिव्हा ६जी ७६४, प्लेझर प्लस ७६५, ॲक्सेस १२५ ची ७७३, फॅसिनो ७८०. सगळा खेळ दोन सेंटिमीटरांचा, जाड सोलच्या बुटाइतका. गंमत पुढेच आहे. ‘मुलींची छोटी गाडी’ म्हणून ओळखली जाणारी स्कूटी पेप प्लस ७६८ मिलिमीटरची, म्हणजे ॲक्टिव्हापेक्षा कणभर उंचच. तरी तिच्यावर पाय सहज टेकतात, कारण ती अंगाने अरुंद आहे. सीट आणि फुटबोर्ड रुंद असले की मांड्या फाकतात आणि पायाची लांबी आडवी खर्च होते. हे ब्रोशरमध्ये छापत नाहीत. तेव्हा फक्त आकडा वाचून गाडी ठरवू नका. नेहमीच्या चपला घालून जा, गाडी स्टँडवरून खाली काढायला लावा आणि सरकून बघा.

टाचांचा सल्ला तर कुणी गाडी न चालवणाऱ्यानेच दिला असणार. पाय पुरत नसतो तेव्हा आपण चवड्यावर असतो, टाच हवेत असते. हवेतल्या टाचेखाली दोन इंच लावून काय मिळणार? वर ती फुटबोर्डच्या मॅटमध्ये अडकते. सबंध तळ जाड असलेले, घट्ट बसणारे बूट मात्र थोडी मदत करतात.

गाडी खाली करून घेण्याबद्दल जरा थांबून विचार करा. फोम कापला की मिळते बोटभर उंची, आणि खड्ड्यांचा हिशेब मणका चुकता करतो. कापायचाच तर मधला न कापता मांड्यांजवळच्या दोन्ही कडा सीटवाल्याकडून निमुळत्या करून घ्या, उपयोग तिथेच होतो. मागचा शॉकॲब्सॉर्बर बदलून गाडी खाली केली तर स्पीडब्रेकरला पोट घासतं, आणि साइड स्टँड आहे तेवढाच राहिल्याने गाडी जवळजवळ उभीच राहते व जरा धक्का लागला की पलीकडे पडते. त्याआधी फुकटचा उपाय करा. ॲक्टिव्हा ६जीच्या मागच्या स्प्रिंगला तीन टप्पे आहेत. वजन कमी असेल तर मेकॅनिककडून ती सगळ्यात मऊ टप्प्यावर आणून घ्या.

मेसेजमध्ये न लिहिलेली, पण खरी अडचण वेगळीच आहे. ती म्हणजे वजन. ॲक्टिव्हा शंभर किलोंच्या वर आणि पेप प्लस ९५ च्या आत, हा फरक चालवताना जाणवत नाही, पार्किंगमध्ये जाणवतो. बसल्या बसल्या पायाने ढकलत गाडी मागे घेणं आपल्याला जमत नाही, हे मी मान्य करते. त्याला उपाय म्हणजे उतरायचं, गाडीच्या डावीकडे उभं राहायचं, कंबर सीटला टेकवायची आणि ढकलायची. उतारावर लावताना गाडीचं तोंड खाली करून लावलेलं मला नंतर फार महागात पडलंय, कारण मग चढावर मागे ओढावी लागते. डबल स्टँडवर चढवताना गाडी हाताने उचलू नका. डावा हात हँडलवर, उजवा मागच्या दांडीवर, आणि सगळं वजन उजव्या पायाने स्टँडच्या पट्टीवर द्या. तरी जमत नसेल तर मागच्या चाकाखाली इंचभर जाडीची फळी सरकवा. माझ्या डिकीत रेनकोटखाली तशी एक असते. परवा तीच फळी मेसेज पाठवणाऱ्या काकांनी त्यांची नवी १२५ स्टँडवर चढवायला मागून नेली, अजून परत आलेली नाही.