स्नायुक्षयाचे कुत्रे आणि ‘चाळीस वर्षं फुकट’चा दावा

समाजमाध्यमांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो: ‘शास्त्रज्ञांनी धडधाकट गोल्डन रिट्रीव्हरांना ड्यूशेन स्नायुक्षय लावला. उंदरांवर भागत असताना चाळीस वर्षं छळ केला. एकही मुलगा बरा झाला नाही. आता तर कायद्यानेच प्राण्यांची गरज संपवली.’

‘रोग लावला.’ नाही. ड्यूशेन हा मुलग्यांना होणारा, स्नायू झिजवत नेणारा जन्मजात आजार. स्नायू शाबूत ठेवणाऱ्या डिस्ट्रोफिन प्रथिनाचं एक्स गुणसूत्रावरचं जनुक बिघडल्याने तो होतो. हाच बिघाड पाळीव कुत्र्यांत आपोआप झालेला सापडला. जनुकात प्रथिनाची कृती सांगणारे तुकडे म्हणजे एक्झॉन, आणि त्यांच्यामधले गाळले जाणारे ते इंट्रॉन. सहाव्या इंट्रॉनच्या टोकाला डीएनएच्या एका अक्षराचा, ‘ए’चा, ‘जी’ झाला. त्यामुळे सातवा एक्झॉन गळतो, अक्षरं तीन-तीनच्या गटांत वाचण्याची चौकट सरकते आणि आठव्यात स्टॉप कोडॉन, म्हणजे ‘इथे थांब’ची खूण, येतो. वाहक मादीची पिल्लं मात्र प्रयोगशाळा मुद्दाम वाढवते, आणि त्यांतले सरासरी निम्मे नर आजारी निघतात. आक्षेप घ्यायचा तर तो इथे घ्यावा.

‘उंदीर पुरेसा.’ खरी गोम इथेच आहे. एमडीएक्स या, ड्यूशेनच्या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या उंदरात डिस्ट्रोफिन जवळपास नसतं, तरी तो धावतो आणि त्याचं आयुष्य थोडंच घटतं. त्याचे स्नायू जोमाने भरून येतात, युट्रोफिन हे डिस्ट्रोफिनचं सख्खं भावंड असलेलं प्रथिन बरीच उणीव झाकतं. आजारी पिल्लाचं तसं नाही. जन्मल्यावर एक-दोन दिवसांतच रक्तातलं क्रिएटिन कायनेज, म्हणजे इजा झालेल्या स्नायूतून गळणारं विकर, बेसुमार चढलेलं असतं. आठ-दहा आठवड्यांत चाल ताठरते, मागचे पाय जोडीने उचलले जातात. जिभेचं मूळ जाड होतं, लाळ गळते, घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. पुढे हृदय थकतं. हा प्रवास मुलांच्या आजाराच्या बराच जवळचा आहे.

शिवाय वजनाचा हिशेब. जनुकोपचारात विषाणूच्या पाठीवर धडधाकट जनुक पेशींत पोचवतात. त्यासाठी किलोमागे १०० लाख कोटी विषाणूकण द्यायचे, तर २५ ग्रॅमच्या उंदराला अडीच लाख कोटी लागतात, १० किलोच्या कुत्र्याला त्याच्या ४०० पट. एवढा विषाणू बनवणं, शुद्ध करणं आणि शिरेतून देणं हीच मोठी परीक्षा. त्यात उंदराचा स्नायू एएव्ही हा जनुकवाहक विषाणू निमूट स्वीकारतो, तर कुत्र्याच्या स्नायूत टोचलेल्या एएव्हीवर प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी तुटून पडल्या. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सोबत दिली तेव्हाच जनुक टिकलं. उंदरावर थांबलो असतो तर हे आधी कळलंच नसतं.

‘एकही मुलगा बरा झाला नाही.’ ड्यूशेन आजही पूर्ण बरा होत नाही, हे खरं. पण औषधं आली. टोक्योच्या राष्ट्रीय मेंदू-मज्जा संस्थेने २००९मध्ये बीगल वंशातल्या आजारी कुत्र्यांना सहावा आणि आठवा एक्झॉन वगळायला लावणारे मॉर्फोलिनो हे कृत्रिम रेणू दिले. सातवा आधीच गळलेला असतो, म्हणून चौकट पुन्हा जुळायला दोन्ही वगळावे लागतात. अंगभर स्नायूंत डिस्ट्रोफिन परतलं, हृदयात मात्र फारसं नाही. याच संस्थेच्या सहभागातून आलेल्या, ५३वा एक्झॉन वगळणाऱ्या व्हिल्टोलार्सेन या औषधाला जपानने २०२०मध्ये मान्यता दिली. कुत्र्यांमुळेच ते घडलं, असं म्हणणं ताणलेलं ठरेल. पण या रसायनाची हृदयाशी असलेली अडचण मोठ्या प्राण्यात दिसली ती तिथे.

उलट बाजूचे उत्साही लोकही चुकतात. मायोट्यूब्युलर मायोपॅथी या स्नायूंच्या दुसऱ्या जनुकीय आजाराचे लॅब्रेडोर उपचाराविना काही महिन्यांत जातात. एएव्हीने त्यांच्यात बिघडलेलं एमटीएम१ जनुक दिल्यावर ते वर्षाहून अधिक जगले, त्याचा अहवाल २०१४मध्ये आला. मुलांवरच्या चाचणीत ताकद खरोखर वाढली, पण चार मुलं दगावली. त्यांच्या यकृतात पित्त साचलं होतं. कुत्र्यांनी हा धोका दाखवला नव्हता.

‘कायद्याने गरज संपवली.’ डिसेंबर २०२२च्या अमेरिकी कायद्याने प्राणीचाचणीची सक्ती काढली, बंदी घातली नाही. प्राण्याऐवजी प्रयोगशाळेतल्या चिपवर वाढवलेल्या स्नायुतंतूला अख्ख्या शरीराचं यकृत नसतं, धापही लागत नाही.

कुत्र्यांवरचा सर्वांत जड आक्षेप या मजकुरात नाहीच. एकाच वेतातल्या पिल्लांत आजार कमी-जास्त असतो. ब्राझीलमधल्या रिंगो नावाच्या कुत्र्यात डिस्ट्रोफिन नव्हतं, तरी तो जवळपास नीट चालला आणि ११ वर्षं जगला. २०१५मध्ये त्याचा संबंध जॅग्ड१ या जनुकाच्या वाढीव कामाशी जोडला गेला. गटात तीन-चारच कुत्रे असतील आणि औषधाच्या बाजूला असा एक पडला, तर निरुपयोगी औषधही गुणकारी दिसतं. म्हणून निकाल वाचताना गटातली संख्या, उपचाराआधीचं मोजमाप आणि प्रत्येक कुत्र्याचा वेगळा आलेख पाहावा. नुसती सरासरी छापली असेल तर विचारावं.