मुलांची कमाई आणि मुलांची मजुरी : एका शिक्षिकाबाईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय बाई,

शाळेत शिकत असताना मुलांनी चार पैसे कसे मिळवावेत, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : मी मजुरीला स्वावलंबनाचे गोंडस नाव दिले, कर्मवीर भाऊराव पाटील यांचा दाखला सोयीपुरता वापरला, आणि दिवाळीच्या हंगामात नववी-दहावीच्या मुलांनी दुकानात रात्री दुकान बंद होईपर्यंत काम करावे, हा सल्ला बेजबाबदार आहे. आदल्या रात्री सिग्नलवर गजरे विकून आलेली आणि पहिल्या तासाला बाकावर डोके टेकून झोपणारी मुले आपण महापालिकेच्या शाळेत वर्षानुवर्षे पाहिली आहेत, हे वाचल्यावर मी माझा लेख पुन्हा पहिल्यापासून वाचला.

शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. बालकामगारांविषयीचा 1986 चा कायदा 2016 मध्ये दुरुस्त झाला. त्यानुसार 14 वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत घरच्या व्यवसायाला मदत करणे आणि काही अटींवर बालकलाकार म्हणून काम करणे, एवढेच त्याला अपवाद आहेत. 14 ते 18 या वयोगटाला धोकादायक कामे वर्ज्य आहेत, आणि इतर आस्थापनांतही संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत त्यांच्याकडून काम करून घेता येत नाही. सलग 3 तासांनंतर किमान एक तासाची विश्रांती, ती धरून दिवसाचे जास्तीत जास्त 6 तास आणि आठवड्याची एक सुट्टी असा नियम आहे. दादरच्या कपड्यांच्या दुकानात दिवाळीची खरी गर्दी संध्याकाळी सातनंतरच उसळते. म्हणजे मी ज्या वेळेची शिफारस केली होती, नेमकी तीच वेळ कायद्याने निषिद्ध आहे. तो परिच्छेद मी काढून टाकला आहे.

मजुरीच्या आक्षेपाबद्दल मात्र मला माझे म्हणणे मांडायचे आहे, आणि ते अनुभवावरून मांडतो. मी लालबागच्या चाळीत वाढलो. आठवीत असताना गॅलरीत बसून अकरा आकाशकंदील केले. बांबूच्या काड्या तासायच्या, दोऱ्याने सांगाडा बांधायचा, मैद्याची खळ शिजवायची आणि त्यावर पतंगी कागद ताणून चिकटवायचा. खळीत गुठळी राहिली तर दिवसा ती लक्षात येत नाही. आत दिवा लावला की कागदावर तिचा काळपट डाग उठतो. असे दोन कंदील मी फाडून पुन्हा केले, कारण ते शेजारच्याच दारांवर लागणार होते. कागद, काड्या आणि दोऱ्याचा खर्च वजा जाता काय उरले, ते गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर मांडले. नफ्या-तोट्याचा धडा मला त्या पानावर कळला.

पुढच्या वर्षी एका दुकानदाराने पन्नास कंदील मागितले. वसुबारसेच्या आत माल हवा होता, म्हणून मी आठवडाभर रात्री एक-एक वाजेपर्यंत जागलो. निम्मे पैसे मिळाले. उरलेले दिवाळीनंतर देतो म्हणाला आणि ते पैसे कधीच आले नाहीत. सहामाहीत गणितात मी पहिल्यांदा नापास झालो, ते त्याच वर्षी. बाई, हात तेच होते आणि कंदीलही तेच होते. पहिल्या वर्षी ती कमाई होती, दुसऱ्या वर्षी ती मजुरी झाली. किती करायचे, केव्हा थांबायचे आणि पैसे कोणाच्या हातात राहणार, हे पहिल्या वर्षी मी ठरवत होतो, दुसऱ्या वर्षी दुसरा कोणीतरी. मूळ लेखात मी कामांची यादी दिली आणि हा भेद सांगितलाच नाही, ही माझी उणीव आहे.

बुडालेल्या पैशांच्या बाबतीत कायदाही मुलाच्या फारसा उपयोगी पडत नाही, हे पालकांना ठाऊक असायला हवे. 1872 च्या करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालील, व्यक्ती करार करण्यास पात्र नसते, आणि 1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, मोहोरीबीबी खटल्यात असा करार मुळातच निरर्थक असल्याचे ठरवले. आपल्या मुंबईचाच एक खटला आहे, राजराणी विरुद्ध प्रेम अदीब, जो 1949 च्या निवाड्यांत छापला गेला. मुलगी अज्ञान होती, तिच्या वतीने वडिलांनी चित्रपटातील कामाचा करार केला, काम दिले गेले नाही, आणि उच्च न्यायालयाने ठरवले की त्या करारावर ना मुलगी दावा करू शकते, ना वडील. म्हणून माझा सल्ला असा की मुलाने उधारीवर काम करूच नये. वस्तू देताना रोख घ्यावी, शिकवणीचे पैसे महिन्याच्या आरंभी घ्यावेत.

किती करायचे, केव्हा थांबायचे आणि पैसे कोणाकडे राहणार हे मुलाच्याच हाती असावे, या कसोटीवर मी काही कामे अजूनही सुचवतो. इमारतीतल्या तिसरी-चौथीच्या मुलांचा संध्याकाळी तासभर अभ्यास घेणे मला सर्वांत चांगले वाटते, कारण त्यात शिकवणाऱ्याचीही उजळणी होते. दसऱ्याला शेजाऱ्यांकडून आधी मागणी घेऊन झेंडूची तोरणे करता येतात. फुले मात्र दादरच्या बाजारातून पहाटे मोठ्या माणसाने आणावीत. मोबाईलवरच्या कामांबाबत मी पूर्वीपेक्षा सावध झालो आहे. व्हिडिओ लाईक केल्याचे पैसे देतो म्हणून आधी थोडी रक्कम द्यायची आणि नंतर मोठी उकळायची, ही फसवणूक सर्रास चालते. त्याहून वाईट म्हणजे मुलाचे बँक खाते चोरीचा पैसा फिरवण्यासाठी भाड्याने मागितले जाते. पैसे गेले असतील तर विलंब न करता सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार करावी. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या परिपत्रकानुसार 10 वर्षांवरील मुलांना बँकेच्या धोरणाप्रमाणे स्वतःचे बचत खाते स्वतः चालवता येते. ते जरूर उघडावे, पण त्याचा पासवर्ड कोणालाही देऊ नये, हे खाते उघडण्याच्या आधी शिकवावे.

कर्मवीरांच्या दाखल्याबाबत आपला आक्षेप मला मान्य आहे. 1919 मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेत मुले श्रम करीत, ते संस्थेच्याच आवारात, शिक्षकांच्या नजरेखाली, आणि त्या श्रमांचे मोल त्याच मुलाच्या शिक्षणाकडे वळे. संस्थेच्या ब्रीदातल्या स्वावलंबी शिक्षण या शब्दांत शिक्षण हे नाम आहे आणि स्वावलंबी हे त्याचे विशेषण; मी ते उलटे वाचले होते.

राहिला आपल्या वर्गातल्या मुलांचा प्रश्न. गजरे विकणाऱ्या मुलाच्या हातात ना वेळ असतो, ना पैसा. घरातल्या मोठ्यांची मिळकत पुरत नाही म्हणून ते मूल रस्त्यावर असते. त्याला माझ्या लेखातले काहीही लागू पडत नाही, आणि तसे स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य होते. ज्यांना तो लागू पडतो, त्यांच्या पैशांबद्दल एवढेच : मालिकांत काम करणाऱ्या मुलाच्या मिळकतीतले किमान 20 टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकण्याची नियमांत तरतूद आहे. हौसेने शिकवणी घेणाऱ्या नववीतल्या मुलीच्या बाबतीत मी पालकांना म्हणेन की सगळेच पैसे तिच्या नावावर राहू द्या, आणि महिन्याचा हिशेब तिलाच लिहू द्या.

काढलेल्या परिच्छेदाच्या जागी मी आता तीन अटी घातल्या आहेत : संध्याकाळी सातनंतर काम नाही, उधारी नाही, आणि दहावीच्या वर्षी गणपतीनंतर सगळे बंद. तिसरी अट आपल्या सांगण्यावरून घातली आहे. गणपतीऐवजी जूनपासूनच थांबावे असे आपल्याला वाटत असेल तर कृपया कळवावे. मुलांना वर्गात आपण पाहिले आहे, मी नाही.