‘फुकट फिरून आलात’ म्हणणाऱ्या नाशिककरांसाठी

टांझानियातल्या मोशी गावच्या शाळेत शिकवायला गेले होते, त्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक नाशिककर’ या नावाने जी प्रतिक्रिया आलीये तिला दोन ओळीत उत्तर देऊन मोकळी होणार होते, पण दोन दिवस डोक्यात तेच चाललंय, मेथी निवडताना पण तेच, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: मोशी गाव अरुषा प्रांतात नाही, आपल्याच नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवर शिक्षक मिळत नाहीत आणि मी ‘आफ्रिकेत फुकट फिरून’ आले, अख्ख्या लेखात मी कसं जुळवून घेतलं तेवढंच आहे, पोरं काय शिकली ते कुठेच नाही, आणि मी 7 महिन्यांत निघून आल्यावर त्या वर्गाचं काय झालं.

पहिलं एकदम मान्य. मोशी किलिमांजारो प्रांतात येतं, अरुषा शेजारचा. लेखात दुरुस्त केलंय, धन्यवाद. नीट सांगितलं की मी ऐकते, एवढं लक्षात घ्या.

आता ‘फुकट’. साहेब (का ताई, नाव-फोटो काहीच नाही त्यामुळे कळायला मार्ग नाही), तिकीट माझं, व्हिसा माझा, ज्या घरी राहिले तिथे महिन्याचे पैसे मी मोजत होते, आणि हे सगळं सातपूरच्या कंपनीत 6 वर्ष काम करून टाकलेली एफडी मोडून. ज्या संस्थेमार्फत गेले तिने मला एक फाईल आणि एक टी-शर्ट दिला, तोही एक्सएल. आता सांगा यात फुकट काय होतं?

आणि ‘फिरून’! 5,895 मीटरचा किलिमांजारो चढायला जगभरातून लोक येतात, मी तो शाळेच्या मागच्या नळावरून बघितला, तो पण दिसला तर. मार्च ते मे तिथला मोठा पाऊस, मसिका म्हणतात, तेव्हा डोंगर ढगात आणि आमची शाळेची वाट चिखलात, चप्पल हातात घेऊन चालायचं. पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापिका म्हणाल्या उद्या ‘सा मोजा’ला या, मोजा म्हणजे एक हे मी पाठ केलेलं, म्हणून दुपारी एकला जेवूनबिवून हजर. तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, सा मोजा म्हणजे सकाळचे 7. सहा तास उशीर! याला तुम्ही पिकनिक म्हणत असाल तर म्हणा बापडे.

राहिला पेठ-सुरगाणा. हे मला कोणी शिकवायची गरज नाही हो. माझी आई पेठ तालुक्यात झेडपीच्या शाळेत 19 वर्ष होती, पहाटेची एसटी, पावसाळ्यात दोन-दोन दिवस तिकडेच मुक्काम, आणि मी इकडे पंचवटीत शेजारच्या काकूंकडे जेवायचे. पोरं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणार आणि पुस्तक प्रमाण मराठीत, त्यामुळे पहिलीतली पोरं नुसती तोंडाकडे बघत बसतात हे मी तिच्याकडून लहानपणापासून ऐकलंय. टांझानियात हेच थोडं पुढे होतं, प्राथमिकची 7 वर्ष सगळं स्वाहिलीत आणि माध्यमिकला गेलं की एकदम इंग्रजीत, म्हणून तर मला सातवीला इंग्रजी आणि पाचवीला गणित दिलेलं. आईचं ऐकलेलं असल्यामुळेच मी तिथे टिकले, असं मला तरी वाटतं. तुम्ही स्वतः पेठला शेवटचे कधी गेला होतात? सापुताऱ्याला जाताना रस्त्यात दिसलेलं सुरगाणा धरायचं नाही.

पोरं काय शिकली म्हणे. शिकवणं काय भाजी आहे का, काट्यावर घालून सांगायला? तरी एक सांगते. पाचवीचा गणिताचा तास, विषयाचं नावच हिसाबाती, मला आपल्या हिशोबाची आठवण. मोठ्या संख्या चालल्या होत्या. तिथे लाखाला ‘लाकी’ म्हणतात, आपलाच शब्द समुद्र ओलांडून गेलेला, मी खूश, जोरात फळ्यावर लिहिलं 1,00,000. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, पुढे आली, बोटाने माझे दोन्ही स्वल्पविराम पुसले आणि खडूने तीन शून्यांच्या आधी एकच दिला, 100,000. लाकी मोजा, म्हणाली, आणि खडू परत माझ्या हातात. मी आठवडाभर तसलेच स्वल्पविराम देत होते आणि पोरं वहीत तसंच उतरवून घेत होती, एकाने पण तोंड उघडलं नव्हतं, कारण मी ‘म्वालिमू’, म्हणजे शिक्षिका, बाईंना कसं सांगणार. त्या दिवशी सगळ्या वह्या घरी आणून दुरुस्त केल्या, 63 वह्या, कंदिलावर, लाईट गेलेली.

हो, ही गोष्ट पण माझीच झाली, मला दिसतंय ते. तुम्ही लगेच पकडाल म्हणून आधीच सांगते.

माझ्यानंतर वर्गाचं काय झालं यावर नंतर कधीतरी लिहीन, आत्ता नाही. आणि पेठला खरंच जायचं असेल तर आईच्या जुन्या शाळेत मी स्वतः घेऊन जाते, तिकीट माझ्याकडून. फक्त पुढच्या वेळी नाव टाकून लिहा.