ओहायोची तळघरं आणि सोलापूरचं भंगार

आमच्या सोलापूरच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खंडेनवमीपासून एक वाद पेटलाय. चुलतभावानं पूजेत मांडलेल्या हत्यारांचा फोटो टाकला. पुढं केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेतून मिळालेलं हत्यारांचं नवंकोरं किट, मागं काकांचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा रंधा. ही योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. सुतार, लोहार, कुंभार धरून १८ व्यवसायांसाठी आहे आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर देते. फोटोखाली कुणीतरी विचारलं, ‘आता जुनं मोडीत घालायचं का?’ झालं. निम्मे म्हणाले, घाला. निम्म्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं : ‘अमेरिकेत बघा, जुन्याची कदर असते. आपल्याकडं सगळं भंगारात.’ मी इथं अमेरिकेत, ओहायोत सेकंडहँड हत्यारं हुडकत फिरतो आणि फोटो टाकतो, तेवढ्यावरून हा निष्कर्ष.

तर ही कदर काय असते, ते सांगतो. म्हातारं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात हलवलं, की मुलं घर उघडून एखाद्या कंपनीच्या हवाली करतात. ती कंपनी कमिशनवर चमच्यापासून कपाटापर्यंत सगळ्यावर किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवते. याला एस्टेट सेल म्हणतात. पहिल्या दिवशी सकाळी लोक दारात नंबर लावून उभे, शेवटच्या दिवशी उरलेला माल निम्म्या भावात. बाकीचे दागिने आणि काचेच्या भांड्यांकडं धावतात, मी तळघराचा जिना उतरतो. यातूनही जे खपत नाही त्यातलं बरंचसं गुडविलसारख्या, दान केलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात जातं. तिथं हातोड्या आणि पक्कडी एकाच टोपलीत.

स्टॅनली कंपनीचा चार नंबरचा रंधा वीस-पंचवीस डॉलरला सुटतो. बाहेरच्या रंगावर जायचं नाही. आधी उलटा करून तळ बघायचा. जिथून छिलका वर येतो त्या फटीच्या कडेला केसासारखा तडा असू शकतो, आणि बीड तडकलं की खाली ठेवून द्यायचं. मग पातं काढून त्याची पाठ बघायची. वरवरचा गंज रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवला की सुटतो. पण पाठीला धारेजवळ गंजाचे खड्डे असतील तर सहाणेवर कितीही घासा, धार तिथं तुटकच येते. करवत डोळ्याच्या रेषेत धरून बाक आहे का बघायचं. फिलाडेल्फियाची डिस्टन कंपनी १८४० मधली. तिच्या करवतीच्या मुठीवर पितळी बिल्ला असतो, त्यावरून तिचा काळ साधारण काढता येतो. एकदा डॉलरभरात घेतलेला पाना घासून पुसला तर खाली ‘इंडिया’ निघालं. जालंधरचा माल वर्षानुवर्षं इकडं येतो, त्यात नवल नाही, पण मी उगाच खूश झालो.

आता कदरीचं बघू. यातल्या कित्येक रंध्यांची पाती कारखान्यातून आली तेवढीच लांब असतात. म्हणजे मालकानं चार वेळा चालवून फळीवर ठेवलं. हत्यार टिकलं, कारण तळघरात जागा होती आणि काम नव्हतं. मुलांना ते नकोच असतं. घेणारेही माझ्यासारखेच, आठवडाभर कॉम्प्युटरपुढं बसून शनिवारी लाकूड तासणारे. ज्याचं पोट सुतारकामावर आहे तो त्या रांगेत क्वचितच दिसतो, त्याच्या हातात बॅटरीवरची मशिनं आली आहेत.

उलट काकांची पटाशी धार लावून लावून बोटभर उरली होती. ती मुळात ट्रकच्या पाट्याची, लोहाराकडून घडवून घेतलेली. झिजलेल्या कानशीची आमच्याकडं सुरी होते, चांभाराची रापी होते. साखर पेठेतला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, मागाच्या नटाला बसेल असा पाना स्वतः घासून घेतो. सोलापुरात पोलाद फुकट जात नाही, ते दुसऱ्या हत्यारात जातं. फक्त त्याचा फोटो कुणी टाकत नाही.

पण भावकीतल्या ‘सगळं भंगारात’वाल्यांचं एका ठिकाणी बरोबर आहे. बिडाचं लोहार काही करू शकत नाही, घण मारला की फुटतं. बारीक जाडी मोजायच्या मायक्रोमीटरचंही दुसरं काही होत नाही. म्हणून या वस्तूंना आपल्याकडं वाटच नाही : दुकान नाहीतर भंगाराचा काटा. सोलापूरची जुनी मिल १८७७ ची, मागाहून नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या कापडगिरण्या. गिरण्या बंद पडल्या, फिटरांच्या पेट्या घरोघर राहिल्या. आमच्या शेजारच्या आजोबांचा मायक्रोमीटर मखमली अस्तराच्या डबीत असायचा. आम्हा पोरांच्या डोक्याचा केस ते त्यात धरून मोजून दाखवायचे. नातवानं तो पेटीसकट किलोवर घातला. मोजायचं यंत्र तराजूत गेलं.

आत्याचा आक्षेप वेगळाच. ‘मेलेल्या माणसाची हत्यारं कशाला रे आणतोस घरात?’ मी म्हटलं, ‘खंडेनवमीला काकांच्या रंध्याला हळदकुंकू लावतोच की.’ ती म्हणाली, ‘ते आपले.’ यावर मला बोलता आलं नाही.

किटबद्दल माझं काही म्हणणं नाही. हक्काचं आहे, घ्यावं आणि वापरावं. फक्त ते आलं म्हणून रंधा काट्यावर ठेवू नये. त्याचं पातं बदलता येतं, तळ सपाट करता येतो. नव्या पात्याचं पार्सल मी पाठवतोय. चुलतभावानं तर पुढची पायरी गाठली. भंगारवाल्याला जाऊन सांगितलं, बिडाचा रंधा, व्हाइस, मायक्रोमीटर असलं काही आलं तर फोडायच्या आधी फोन कर, किलोच्या दुप्पट देतो.

तो म्हणाला, ‘तिप्पट द्या की ओ मालक.’