हॅशमॅप घ्या, पण डोळे उघडे ठेवून

जावाच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांत एक सल्ला सतत फिरतो: 'मॅप लागला की डोळे झाकून हॅशमॅप. तो ओ-ऑफ-वन, बाकीचे हळू. टेस्ट हिरव्या झाल्या की विषय संपला.' मॅप म्हणजे की (शोधायची खूण) दिली की तिची नोंद देणारी रचना; ओ-ऑफ-वन म्हणजे नोंदी कितीही असोत, शोधायला वेळ तेवढाच; हिरवी टेस्ट म्हणजे पास झालेली. पण त्या सल्ल्यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही.

ओ-ऑफ-वन हे सरासरीचं गणित, तेही हॅशकोड (कीवरून काढलेला आकडा; नोंद कुठल्या बकेटमध्ये, म्हणजे कप्प्यात, जाईल ते त्यावरून ठरतं) नीट विखुरले तर. स्ट्रिंगचा हॅशकोड काढताना आधीचा आकडा 31 ने गुणून पुढच्या अक्षराचा कोड त्यात मिळवतात. कॅपिटल ए (65) आणि स्मॉल ए (97): 65 गुणिले 31 अधिक 97, म्हणजे 2112. आता दोन कॅपिटल बी: 66 गुणिले 31 अधिक 66. परत 2112! या दोन जोड्या उलटसुलट लावत दहा जोड्यांची स्ट्रिंग केली तर 1024 वेगळ्या कीज मिळतात, हॅशकोड मात्र सगळ्यांचा एकच, म्हणजे सगळ्या एकाच बकेटमध्ये कोंबलेल्या. डिसेंबर 2011 मध्ये बर्लिनच्या एका हॅकर परिषदेत अशाच कीज पाठवून वेब सर्व्हर कसे लोळवता येतात ते दाखवलं गेलं. 2014 च्या जावा 8 पासून बकेटमध्ये आठाहून जास्त नोंदी झाल्या, आणि बकेटांचं टेबल किमान 64 चं असलं, की आतल्या लिंक्ड लिस्टचं (एकामागोमाग चाळावी लागणारी यादी) रेड-ब्लॅक ट्री (झटपट शोधता येणारी, संतुलित झाडासारखी रचना) होतं. कीज क्रमाने ठेवणारा ट्रीमॅपही आतून तेच. ज्याला 'हळू' म्हणून हिणवलं, तेच शेवटी धावून आलं.

आणि हळू म्हणजे किती? दहा लाख नोंदींत साधारण वीस तुलना. 'या तारखेला किंवा तिच्या लगेच आधी लागू असलेला दर' ट्रीमॅप एका कॉलमध्ये देतो; हॅशमॅपला सगळ्या कीज चाळाव्या लागतात. की एनम (ठरावीक नावांचा प्रकार, जसे आठवड्याचे वार) असेल तर एनममॅप घ्या, तो आतून साधा ॲरे आहे.

आता हिरव्या टेस्ट. आमच्या एका टेस्टमध्ये मॅपचं टूस्ट्रिंग (मजकुरातलं रूप) तपासलं होतं आणि मॅप बनवला होता 'मॅप डॉट ऑफ'ने, ज्याचा क्रम जेव्हीएम (जावा चालवणारा प्रोग्रॅम) नव्याने सुरू झालं की बदलू शकतो. माझ्या लॅपटॉपवर हिरवी, बिल्ड सर्व्हरवर अधूनमधून लाल. दोन दिवस आम्ही नेटवर्कला शिव्या घातल्या! क्रम महत्त्वाचा नसेल तर मॅपची थेट मॅपशी तुलना करा. असेल तर नोंदी टाकल्या त्या क्रमाने ठेवणारा लिंक्डहॅशमॅप वापरा, पण त्याचंही इक्वल्स (तुलना करणारी मेथड) क्रम बघत नाही. टेस्टमध्ये कीजची लिस्ट काढून तीच ताडून पाहावी लागते.